बरा झाला की

हेमकांत पाटलाला पाहिलं तर हा माणूस कोणाला भीत असेल असं वाटत नाही. तापीकाठच्या त्याच्या गावात केळी कटाईची सगळ्यात मोठी टोळी त्याची. आवाज असा, की त्यानं बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला सालदार तोंडातला घास तसाच ठेवून उठतो. एकदा उसाच्या ट्रकनं त्याचा बांध मोडला, तर हा गडी ट्रकपुढे आडवा उभा राहिला आणि ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्याच हातात फावडं दिलं. असा हा वाघ रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी उकिडवा बसतो आणि आत बदकाच्या आकाराच्या पिवळ्या प्लास्टिकच्या भांड्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोराला अजिजीनं विचारतो, "धिरू, व्हयनी का रे?"

"व्हई ऱ्हायनी," आतून उत्तर येतं. "तुम्ही तिकडे दखा. तुम्ही इकडे दखं का ती येस नही."

मग वाघ भिंतीकडे तोंड करून बसतो.

लोकांच्या घरी सकाळी दूध आलं का, वीज आली का, असं विचारतात. पाटलांच्या घरी नुसतं 'झाली का' असं विचारतात, आणि काय झाली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. हेमकांत शेतात असला की त्याची बायको नूतन फोन करते आणि एकच शब्द बोलून ठेवते. तो शब्द ऐकून हेमकांत विळा वर करतो आणि टोळीतली माणसं आपसूक हसायला लागतात. त्या दिवशी मुकादम कोणावर ओरडत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. चहासुद्धा जरा लवकर मिळतो.

गोष्ट अशी, की धीरज जन्मला तो सगळं नीट घेऊन. फक्त आतड्याच्या शेवटच्या टोकात ज्या बारीक नसा लागतात, त्या देवाकडून टाकायच्या राहून गेल्या. बाकीचं आतडं पुढे ढकलायचं आणि हे शेवटचं ढिम्म बसून राहायचं. बारशाच्या आधीच पोट फुगलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सुरतेचा रस्ता दाखवला. तिथं आधी पोटावर वाट काढून पिशवी लावली, आणि पोरानं जरा अंग धरल्यावर मोठं ऑपरेशन केलं. निकामी आतडं कापून टाकलं, चांगलं खाली ओढून जोडलं. ऑपरेशन झकास झालं. घरच्यांनी हुश्श केलं, पेढे आणायला माणूस निघालासुद्धा, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, जोडायचं काम आम्ही केलं, चालायचं काम ते आतडं आपलं आपण शिकेल. कोणाचं वर्षात शिकतं, कोणाचं शाळेत गेल्यावर. तोवर सांभाळा.

सांभाळा हा शब्द बोलायला फार सोपा आहे. रोज कोमट मीठपाणी करून, मऊ नळी घालून पोराचं पोट धुवायचं, हे त्या शब्दाच्या पोटात बसलेलं असतं. सुरतेच्या सिस्टरनं ते शिकवलं तेव्हा नूतननं नळी घेतली आणि तशीच खाली ठेवली. मग हेमकांत पुढे झाला. त्याचा पंजा पाहून सिस्टरच घाबरली आणि गुजरातीत म्हणाली, "भाई, हाथ हळवो राखजो." तिला काय ठाऊक, की केळीचा घड खांद्यावर उतरवून घेताना एका फणीवर काळा डाग पडू देत नाही असा तो पंजा. पहिल्याच दिवशी त्याला जमलं. तेव्हापासून ते काम त्याचं.

धिरू मात्र हे काम फुकट करू देत नाही. नळी म्हटलं की त्याला घोड्याची गोष्ट लागते. हेमकांत म्हणजे घोड्यांचा वेडा माणूस. लग्नाआधी सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत आठ-आठ दिवस घोडेबाजारात मुक्काम ठोकायचा. विकत घ्यायचा काही नाही, पण प्रत्येकाचे दात मोजून यायचा. त्यामुळे गोष्टींना तोटा नाही. रेवाल चालीचा घोडा कसा पाण्यासारखा वाहत जातो, दुडक्या चालीचा कसा बसणाऱ्याचं खाल्लेलं वर आणतो, हे सगळं धिरूला अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ झालं होतं. गोष्ट संपायच्या आत पाणी संपलं तर तो बापालाच दटावायचा.

तरी आतडं ते. शिकता शिकता रुसायचं. मध्येच पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, ताप चढायचा, आणि सुरत गाठावी लागायची. सलाईन, इंजेक्शन, आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत बसणं. या फेऱ्यांनी हेमकांतच्या जिभेवर तीन शब्द कायमचे बसवले: बरा झाला की.

धिरूनं तीनचाकी सायकल मागितली. बरा झाला की. नवापूरच्या मामानं भाच्याला चार दिवस धाडा म्हणून निरोप पाठवला. बरा झाला की. गावच्या अंगणवाडीच्या सेविका जमनाबाई तर दोनदा घरी येऊन गेल्या. "पोऱ्या आते मोठा व्हयना, भाऊ. धाडा ना त्याले." हेमकांत त्यांना चहा पाजायचा, खुर्ची पुसून द्यायचा, आणि म्हणायचा, बरा झाला की. खरी गोष्ट वेगळीच होती. पोराची चड्डी कधी कधी भरायची, त्याचं त्याला कळायचंही नाही. ती चार पोरांत भरली आणि पोरं हसली, तर? पोट फुगलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर? ट्रकपुढे उभा राहणारा माणूस अंगणवाडीच्या दोन खोल्यांना भ्याला होता. पण हे तो कबूल करेल तर शपथ.

नूतन एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यानी बरा व्हवानी वाट देखता देखता त्याले मिशा फुटी जातीन."

"तुले काय समजस," हेमकांत म्हणाला. नवऱ्यांकडे उत्तर नसलं की हे वाक्य असतं.

नूतननं पोळी उलटली. हेमकांतला वाटलं विषय संपला.

यात भर म्हणजे प्रमिलाबाईंचा नवस. प्रमिलाबाई ही हेमकांतची आई. सुरतेला ऑपरेशन चालू असताना तिनं बाहेरच्या बाकड्यावर बसून सारंगखेड्याच्या दत्ताला शब्द दिला होता, की नातू पूर्ण बरा झाला की त्याची गुळाची तुला करीन. यात्रेत अशा तुला रोज होतात. एका पारड्यात पोर बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारोभार गूळ ठेवायचा, आणि मग तो गूळ वाटून टाकायचा. नवस साधाच, पण प्रमिलाबाईंनी त्यात 'पूर्ण' हा शब्द घालून ठेवला होता, आणि ही बाई देवाच्या व्यवहारात पै इकडची तिकडे होऊ देत नाही. दर वर्षी दिवाळी उलटली की ती नातवाला समोर उभं करायची, पोटावर हात फिरवायची, जीभ बघायची, आणि निकाल द्यायची. "नही. देवले खोटं सांगानं नही. बरा म्हणजे बरा." झालं, तुला पुढच्या वर्षावर. एवढी वर्षं देव तिथं थांबलेला आणि पोर इथं.

या वर्षी मात्र चमत्कार झाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पोट काही फुगलं नाही. चड्ड्या कोरड्या राहायला लागल्या. पोराच्या गालावर लाली आली. तो भलत्या भलत्या कविता म्हणायला लागला, आणि हेमकांतला वाटलं मोबाइलमध्ये ऐकल्या असतील. प्रमिलाबाईंनी जीभ पाहिली, पोट दाबलं, पुन्हा दाबलं, आणि जाहीर केलं, "या दत्तजयंतीले तुला."

घरात आनंदीआनंद झाला आणि एकट्या छगनबापूंना, म्हणजे हेमकांतच्या वडलांना, काळजी लागली. काळजीचं कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. हेमकांतच्या लहानपणी त्याचीही अशीच तुला झाली होती, आणि पोरगं इतकं गुटगुटीत, की गूळ कमी पडला आणि दुकानाकडे पुन्हा माणूस पळवावा लागला. ही गोष्ट बापू अजून पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. आणि आता त्याच हेमकांतचा पोरगा पारड्यात बसणार तो काडी पैलवान.

"पाटीलना नातूनी तुला," बापू बायकोला म्हणाले, "आनि पारडामा एक ढेप? लोके काय म्हंतीन?"

"लोकेसले गूळ खावाले भेटी ना? मंग ते काही म्हंतीन नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

बापूंना ते पटलं नाही. त्यांनी आपल्या परीनं उपाय शोधला. दुपारी हेमकांत दुसऱ्यांच्या वाडीत कटाईला गेला, की बापू नातवाला शेतात फिरवायला न्यायचे आणि खळ्याच्या खोलीत बसवून केळी चारायचे. आता केळीच्या गावात राहून धिरूला केळं बंद होतं. पूर्ण पिकलेलं अर्धं चालायचं, तेही रविवारी, कारण अर्धकच्चं केळं त्याच्या पोटात जाऊन दारच लावून बसायचं. आणि बापूंकडची केळी अर्धकच्चीच. व्यापारी माल हिरवा कापून नेतो, मागे जे घड पडून राहतात ते कोपऱ्यात पिवळेहिरवे होत असतात. आजोबांनी सोललं, नातवानं गिळलं. चार वर्षांचा उपास फिटत होता, तो कशाला नाही म्हणेल? "बापू, आखो एक," तो म्हणायचा, आणि बापूंना डोळ्यांपुढे पारडं झुकताना दिसायचं.

तुलेला दोन दिवस राहिले आणि बदक कोरडं राहिलं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. हेमकांतनं नळी घातली, पाणी गेलं तसं परत आलं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन दत्तजयंतीच्या सकाळी, पोटावर बोट वाजवलं तर टणटण आवाज. हेमकांतनं सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"काय खादं यानी?"

नूतननं सांगितलं ते वरण, भात, पपई. प्रमिलाबाईंनी सांगितलं ते मनुकांचं पाणी. बापू चष्मा पुसत होते. चांगला स्वच्छ चष्मा, पण पुसत होते.

"बापूनी मले काहीच दिधं नही," धिरू आपणहून म्हणाला. "आनि सालटे बकरीनी खाई टाकात."

बापूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी ते त्यानं वजन वाढाडी ऱ्हायंतू," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. बापावर ओरडायची हेमकांतला सवय नव्हती, आणि ओरडायला लागला असता तर थांबला नसता. प्रमिलाबाईंना तशी काही अडचण नव्हती. त्यांनी एवढ्या वर्षांच्या संसाराचा हिशेब त्या ओट्यावरच मांडला.

हेमकांतनं सुरतेला फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, ताप आहे? नाही. उलटी? नाही. खेळतोय का? बकरीच्या मागे पळतोय. "मग पोट पुन्हा धुवा, पाणी पाजा, त्याला हिंडवा-फिरवा," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, किंवा ताप-उलटी सुरू झाली, तर ताबडतोब निघा. पुन्हा उघडावं लागतं का, ते इथं आल्यावर बघू."

पुन्हा उघडावं लागतं का. एवढं ऐकल्यावर संध्याकाळपर्यंत कोण थांबतो? हेमकांतनं दवाखान्याची पिशवी भरली, ती काय नेहमी अर्धी भरलेलीच असायची. नूतन पोराला घेऊन बसली. "पोर सुरतले चालनं आनि मी घर बसू?" म्हणत प्रमिलाबाई चढल्या. बापूंना कोणी या म्हटलं नव्हतं, म्हणून ते मागे पिकअपच्या हौदात बसले, आदल्या दिवशी तुलेसाठी स्वतःच चढवून ठेवलेल्या गुळाच्या ढेपांना टेकून. तुलेचं नाव कोणी काढलं नाही.

पण सुरतेला जायचं तर तापीचा पूल ओलांडायचा, आणि पुलाआधी सारंगखेडा, आणि सारंगखेड्यात आज अख्खा जिल्हा लोटलेला. पिकअप यात्रेच्या तोंडाशी अडकली ती अडकलीच. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, बाजूला पाळणेवाल्याचा टेम्पो. हेमकांतनं हॉर्न दाबून धरला. हॉर्नला यात्रेत कोण विचारतो?

आणि खिडकीतून धिरूला घोडे दिसले. पांढरे, काळे, ठिपक्यांचे, कपाळावर गोंडे बांधलेले, नाचणारे, शेपट्या विंचरून घेणारे. एवढी वर्षं नळीच्या वेळी ऐकलेले सगळे घोडे एका रांगेत उभे.

"पप्पा, घोडावर बठाडा ना."

"बठाडसू," हेमकांत म्हणाला. "बरा झाला की."

धिरूनं बापाकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "मी बराच शे," तो म्हणाला. "फक्त पोट बंद शे."

हेमकांतनं हॉर्नवरचा हात काढला. नूतन खिडकीबाहेर बघत होती, ती तशीच बघत म्हणाली, "धिरूना पप्पा, डॉक्टर काय म्हनेत? हिंडाडा. आठे गाडीमा बठीसन काय हिंडी ऱ्हायना तो?"

गाडी तशीही हलत नव्हती. हेमकांतनं ती कडेला घातली, पोराला उचललं आणि पहिल्या तंबूत शिरला. तंबूचा मालक दिलवरसिंग, मिशांना पीळ, डोक्याला फेटा. त्यानं गिऱ्हाईक ओळखलं आणि एक पांढरी घोडी पुढे काढली. "रेवाल चाल, भाऊ. हातात दुधाचा पेला घेऊन बसा, थेंब सांडणार नाही."

"नको," हेमकांत म्हणाला. "दुडक्या चालीचा दाखवा. असा, की बसणाऱ्याचं हाडन् हाड हललं पाहिजे."

दिलवरसिंगनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. "भाऊ, मी लहानपणापासून घोडे विकतो. खराब चालीचा घोडा मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं."

"आहे का नाही?"

होता. तंबूच्या मागे एक भुरं तट्टू उभं होतं, त्याच्यावर दिलवरसिंग चारा आणि भांडी वाहायचा. विकायला नव्हतंच, कारण घेणार कोण? "याच्यावर बसून माझ्या सासऱ्याचा दात पडला," दिलवरसिंग म्हणाला, आणि हे ऐकून हेमकांतचा चेहरा खुलला. त्यानं पाठीवर घोंगडी टाकली, स्वतः चढला, धिरूला पुढ्यात घेतलं, एका हातानं त्याला छातीशी धरलं आणि टाच मारली.

दिलवरसिंग खोटं बोलला नव्हता. तट्टू असं दुडकायला लागलं, की हेमकांतला स्वतःचे दात आठवले. धिरू खिदळत होता आणि त्याचं हसू तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडत होतं. घोडेबाजाराला एक फेरी झाली. दुसरी झाली. लोक थांबून बघायला लागले, कारण एवढ्या देखण्या घोड्यांच्या बाजारात परीटघडीचा पांढरा पायजमा घातलेला, असा दांडगा माणूस असल्या भिकार तट्टावर का बसलाय, हे कोणालाच उमगेना. तिसऱ्या फेरीत धिरूचं हसू एकदम थांबलं. हेमकांतनं वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय व्हयनं रे? दुखस का?"

"पप्पा," धिरू गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही तिकडे दखा."

हेमकांत पाटलानं भर यात्रेत, दुडकणाऱ्या तट्टावर बसून, तापीकडे तोंड फिरवलं. नदीचं पाणी उन्हात चमकत होतं. जरा वेळानं त्याच्या मांडीवर ऊब पसरली, मग आणखी पसरली, आणि मग जे काही तीन दिवसांचं अडून बसलं होतं ते सगळं घोंगडीवर, पायजम्यावर, तट्टावर, जिथं जागा मिळेल तिथं आलं. हेमकांतनं लगाम ओढला. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्हीपैकी काहीही तो लपवत नव्हता. इतकं सुख त्याला धिरू जन्मला त्या दिवशीही झालं नव्हतं, कारण तेव्हा सुखाला फार वेळच मिळाला नव्हता.

दिलवरसिंग धावत आला. पोर पडलं की काय, असं त्याला वाटलं होतं. त्यानं घोंगडी पाहिली, पायजमा पाहिला, नाकाला फेट्याचं टोक लावलं. "म्हणजे चाल पसंत पडली," तो म्हणाला. आणि घोड्यांना पाणी पाजायच्या टाकीकडे त्यानंच दोघांना नेलं.

नूतननं पोराला धुतलं, पोट दाबून पाहिलं. मऊ. कपाळाला हात लावला. गार. दवाखान्याच्या पिशवीतले कोरडे कपडे घातले. हेमकांतला दिलवरसिंगनं आपलं धोतर दिलं, ते त्याला गुडघ्यापर्यंतच पुरलं. फोनवर डॉक्टर आधी पोटभर हसले. मग म्हणाले, आज यायची गरज नाही, नळीचं काम चालू ठेवा, सोमवारी दाखवून जा. तट्टाचं औषध कोणाला सांगू नका, आणि अर्धकच्ची केळी पोराच्या वाऱ्यालाही उभी करू नका. बापू फोनला कान लावून ऐकत होते.

"आते वजन बी कमी व्हई गयं व्हई," ते न राहवून पुटपुटले. प्रमिलाबाईंनी नुसतं पाहिलं, आणि बापू पुन्हा हौदात चढून बसले.

हेमकांत गाडी वळवायला निघाला. तेवढ्यात प्रमिलाबाईंनी नातवाचं बोट धरलं आणि देवळाची वाट धरली.

"माय, कोठे?"

"तुला शे ना आज."

हेमकांत आडवा आला. धोतर सावरत, सगळ्या यात्रेदेखत. "तूच म्हने ना, बरा म्हणजे बरा," तो म्हणाला. "आज सकाये काय व्हतं, दखं ना तू? उद्या परत फुगी जाई. परवा परत सुरत. आपन देवले बरा शे म्हनी टाकं, आनि मंग काही व्हयनं ते?" त्यानं पोराचा दुसरा हात धरला. "मले भेव वाटस, माय."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. नूतननं खाली पाहिलं. प्रमिलाबाईंनी देवळाकडे पाहिलं. देवाशी काटेकोर वागणारी बाई ती, तिलाही हे सोपं नव्हतं.

"मन्हा गुडघा दुखस," ती शेवटी म्हणाली. "तुन्हा बापनी अक्कल कवयच बरी व्हयनी नही. पूर्ण बरा कोन ऱ्हास, हेमकांत? मीच तो शब्द चुकीना घाला. देवले मी सांगी दिसू." आणि देवळासमोर, काट्याच्या पारड्यात नातवाला बसवताना, तिनं हात जोडून खरंच सांगितलं. "देवा, जितला बरा शे, तितला तोली ले."

गूळ फार लागला नाही. एक ढेप आणि वर थोडा. बापूंनी कौतुकानं पोराच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात जरा जास्तच दाबून ठेवला, तर पारडं खाली गेलं. प्रमिलाबाईंनी तो हात उचलून बाजूला केला. काटा स्थिर झाला. धिरू पाय हलवत, सगळ्यांकडे बघत, अधांतरी बसला होता, आणि एवढंसं पोर आपल्या भारानं इतका गूळ उचलून धरतंय, याचं हेमकांतला नवल वाटत राहिलं.

गूळ फोडून वाटला. दिलवरसिंगला एक मोठा खडा गेला, तट्टाला त्याहून मोठा. परतताना गर्दीतून चालता चालता हेमकांत नूतनच्या जवळ आला. त्यानं घसा साफ केला, जसा तो टोळीला काही महत्त्वाचं सांगताना करतो.

"सोमवारी सुरत करी येसूत. आनि मंगळवारी," तो म्हणाला, "याले अंगणवाडीमा घाली देऊ. जे व्हई ते व्हई."

नूतननं पदराच्या टोकात बांधलेला प्रसादाचा गूळ सोडला. "नाव ते जूनमाच घाली दिधं," ती म्हणाली. "तुम्ही कटाईले गयात का तो रोज सकाये जास. दोनदा चड्डी भरनी. जमनाबाईनी बदली दिधी. कोनी हासनं नही."

हेमकांत जागच्या जागी थांबला. मागून येणारे दोघं त्याच्यावर आदळले. धिरू आईच्या कडेवरून खाली वाकून बापाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर गुपित फुटल्याची नाही, सुटल्याची खुशी होती. "मले पाच कविता येतीस," तो म्हणाला. "तुम्हले सांगाले आई नही म्हने."

"मले कसाले सांगं नही?" हेमकांतनं नूतनला विचारलं. रागवायचं त्याच्या मनात होतं, पण गुडघ्यापर्यंतच्या धोतरात रागावता येत नाही.

नूतननं गुळाचा एक खडा तोडून त्याच्या हातावर ठेवला.

"सांगनार व्हती ना," ती म्हणाली. "तुम्ही बरा व्हयनात की."

हेमकांतनं तो खडा तोंडात टाकला आणि पोराला आपल्या खांद्यावर घेतलं.